गुळाचे रवे

शाळेच्या स्लॅबवर आम्ही एकोणीस माणसं, दोन शेळ्या,
आणि विमानदलातून रिटायर झालेला
माझा चुलता, सार्जंट आण्णासो हेरवाडे.
खाली पाचवीच्या फळ्यावरचा सुविचार
कृष्णेनं अर्ध्यापर्यंत पुसलेला.

मी कुरुंदवाड ठाण्याची.
आले तेव्हा बोट होती, ती बाभळीवर फाटली.
आता एक शिट्टी आणि एक वॉकीटॉकी,
त्यातून तासातासाला तेच : हेलिकॉप्टर निघालंय.
"आपल्या खात्याचं का?"
पलीकडचा हवालदार हसला.
"राजमतीबाई, आपल्या खात्याची जीप हाय,
तीबी ढकलल्याबिगर चालू होत न्हाई."

रात्री पोरं कडेला जाऊ नयेत म्हणून
आण्णा त्यांना यंत्रांची वंशावळ सांगत बसला,
नंदीवर बसलेल्या हेळव्यानं
घराण्याच्या पिढ्या सांगाव्यात तशी.

"पयलं आलं चोपन्न साली, अमेरिकेचं,
इंजिन नाकात, पोट बेडकासारखं.
मग रशियाचं मी-चार. त्येच्या तेलात मी वाढलो.
एकाहत्तरला आगरतळ्यात हुतो.
पूल तुटलेला, फुडं मेघना,
आपल्या कृष्णेला लाजवंल एवढी.
रातभर जवान पल्याड नेऊन सोडले.
उतरायची जागा बॅटऱ्या लावून दाखवायची.
सकाळी आम्ही फिटर लोक
पत्र्याची भोकं मोजायचो."

मग चेतक, बंगळुरात जुळवलेलं.
मग चीता, बर्फावरचं :
तिथं उतरलं तरी इंजिन बंद करायचं नाही,
बंद झालं तर परत धरेलच असं नाही.
मग ध्रुव. त्याच्याबद्दल तो फार बोलला नाही,
ते आलं तेव्हा हा घरी ऊस तोडत होता.

"आणि पोलिसांचं?" मी विचारलं.
"सीमेवरच्या दलाला हायती.
तुझ्या ठाण्यापतोर यायचं तर
तुझी पोरगी फौजदार व्हायला पायजे."

धनपालची धाकटी म्हणाली, "तू कितीदा बसलास?"
आण्णानं टोपी काढून पिळली, परत घातली.
"चाचणीला दोनदा. पुरुषभर उंच.
बाकी मी सही करायचो,
ह्यानं उडायला हरकत न्हाई म्हणून.
आणि सही केली की परत येईस्तोवर
पाठ फिरवायची न्हाई."

उजाडताना तोच आधी उठला.
आम्हाला फक्त पाण्याचा आवाज.
"पत्रं दाबा," तो ओरडला, "खिचडीच्या शेडचं पत्रं!
त्येच्या वाऱ्यानं उडालं तर माना कापतील."
दाबायला होतं काय?
भूपाल चौगुलेचे तीस किलोचे बावीस रवे,
भाव चढेल म्हणून राखलेले,
परवा रात्री पाठीवरून वर आणलेले,
प्लास्टिकात गुंडाळून.
"आणि प्लास्टिक काढा. कागुदसुद्धा वर जायला नको,
पात्यात गेला तर सगळीच जातील."

भूपाल बघत राहिला. पाऊस चालूच होता.
मग त्यानंच दातानं सुतळी तोडली.

चेतक आलं.
केस, पदर, आवाज, सगळं एका बाजूला वाहिलं.
पत्रे थरथरले, जागचे हलले नाहीत.
आण्णा डोळे मिटून म्हणाला,
"एक पातं जरा वर चालतंय.
चालंल. चालंल."

पोरं गेली, बाळंतीण गेली, धनपाल गेला.
सातव्या खेपेला भूपाल गेला,
रव्यांकडं न बघता.
शेवटी दोघंच. शेवटचं कोण, यावर आम्ही भांडलो.
मी बक्कल दाखवला, त्यानं वय.
मग मी पुतणी म्हणून नाही,
सरकार म्हणून त्याच्या काखेत पट्टा अडकवला.

सगळे वर जाताना खाली बघत होते,
आपलं घर कुठं ते शोधत.
आण्णा वर बघत गेला,
पात्यांच्या मुळाशी,
बोटानं हवेत काहीतरी मोजत.
दारातला जवान म्हणत असावा, डरो मत बाबा.
आणि हा बहुतेक विचारत होता,
ग्रीस शेवटचं कधी मारलं?

ते नरसोबावाडीच्या अंगाला लहान होत गेलं.
स्लॅबच्या पन्हाळीतून तांबूस पाणी ओघळत होतं,
शेळ्या ते चाटत होत्या.
मी उभी होते, शिट्टी दातात धरून,
तिकडंच तोंड करून.